व्हर्ना होप्पेचे तीन मांत्रिक

शेबॉयगन गावात सॉसेज न खाणारा माणूस एखादा सापडेल, पण सॉसेजबद्दल ठाम मत नसलेला सापडायचा नाही. व्हर्ना होप्पे तिथल्याच एका कारखान्यात सॉसेजचा मसाला जमवायची. बावीस वर्षं हेच काम. दोनशे पौंड मांसाला पांढरी मिरी किती, जायपत्री किती, सुंठ किती, सगळं तिला पाठ होतं. आणि मिरीचं पोतं जुनं निघालं तर कागद बाजूला ठेवून ती सरळ नाकाच्या हुकमाने चालायची. पहाटे पाचला पाळी सुरू, दुपारी दीडला घरी. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणायची, "रविवार मोकळा नसतो मला."

रविवार मोकळा नसे हे मात्र खरं. चर्चमधून आलं, बेकरीतले गरम हॅमचे कडक पाव खाल्ले, की तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती चौघं बसत. तिचा थोरला भाऊ एल्रॉय, बंदरावर कोळशाची क्रेन चालवणारा. गस डर्क्सी, प्लंबर, आवाज नळ फुटल्यासारखा. आणि मार्लिस टेनपास, शाळेच्या भटारखान्यात काम करणारी, कमी बोलणारी पण नेमकं बोलणारी. १९७८ पासून हे चौघं एक खेळ खेळत होते. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. तिघांनी एकेक पात्र घ्यायचं, कुणी तलवारबाज, कुणी वैदू, कुणी मांत्रिक. व्हर्नाने गुहा, किल्ले, राक्षस डोळ्यांपुढे उभे करायचे, "आता काय करता?" म्हणून विचारायचं, आणि तिघांनी सांगायचं. सांगितलेलं जमलं की फसलं, ते फासे आणि नियमांचं पुस्तक मिळून ठरवत. पन्नाशीच्या आसपासची माणसं पोरखेळ खेळतात म्हणून गाव हसायचं. हसेना का! गाव दर रविवारी टीव्हीसमोर बसून दुसऱ्यांनी खेळलेला फुटबॉल बघत होतं, ते काय मोठं वेदाध्ययन होतं?

एल्रॉयचा मांत्रिक म्हणजे त्या टेबलावरचा राजा. आठ वर्षांत त्याच्याकडे चौसष्ट मंत्र जमले होते. कुलूप उघडायचा मंत्र, उडायचा मंत्र, वीज पाडायचा मंत्र, जखम भरायचासुद्धा मंत्र. गसच्या तलवारबाजाला काम उरलं नव्हतं. "मी येतो कशाला इथे?" गस ओरडायचा. "याची पोती उचलायला?" आणि व्हर्नाकडे बघून म्हणायचा, "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!" व्हर्ना हसण्यावारी न्यायची. हा एकटा मांत्रिक सगळ्या खेळाचा तोल घालवतोय हे तिला दिसत नव्हतं असं नाही. पण एल्रॉय खेळायचाच तसा. चौसष्टच्या चौसष्ट मंत्र तोंडपाठ, नियमाच्या ओळीवरून तासभर भांडायचा, जिंकला की टेबल बडवायचा. त्याच्या आनंदाला कात्री लावायचं तिच्या जिवावर यायचं.

ऑक्टोबरात एल्रॉयला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं अडकलं. डोकं शाबूत होतं, सगळं कळत होतं, पण शब्द जिभेवर यायला वेळ लागायचा, आणि येताना एकेकटा यायचा. फेब्रुवारीत तो काठी टेकत पुन्हा टेबलाशी आला. सगळ्यांना केवढा आनंद झाला! मग त्याची पाळी आली. चौसष्ट मंत्रांच्या यादीवरून त्याचं डावं बोट वरून खाली, खालून वर फिरत राहिलं. हवा असलेला मंत्र डोळ्यांना दिसत होता, तोंडाला सापडत नव्हता. तीन मिनिटं गेली. पाच गेली. कुणी घाई केली नाही, कुणी मध्ये बोललं नाही. चर्चमध्ये पास्टरचं प्रवचन चालू असताना शेजाऱ्याशी गप्पा मारणारा गस, पण तोही हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलासारखा टेबलाकडे बघत बसला.

असे पाच रविवार झाले. सहाव्या रविवारी एल्रॉयने आपला कागद उलटा ठेवला.

"आता... पुरे," तो म्हणाला. "तुम्ही... खेळा."

"अरे, आम्हाला कसली घाई आहे?" मार्लिस म्हणाली.

"तेच," एल्रॉय म्हणाला, आणि काठी शोधू लागला.

कोपऱ्यावरच्या बारमध्ये जाणं त्याने आधीच सोडलं होतं. चर्चनंतरच्या कॉफीला थांबणं सोडलं होतं. फोन वाजला तर उचलत नव्हता. माणसांत बसायची त्याची ही शेवटची खुर्ची होती, आणि तो ती मागे सारत होता. ती गेली की मग खिडकी, आणि खिडकीबाहेरचं समुद्राएवढं तळं. व्हर्नाने त्याच दिवशी ठरवलं की ही खुर्ची जाऊ द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येऊन तिने चौकटीच्या कागदांचं पॅड काढलं आणि पेन्सिलीला टोक केलं. यादी लांब आहे म्हणून तो अडतो, तर यादी आखूड करायची. पण फक्त त्याची आखूड केली तर ती भीक झाली. मग सगळ्यांनाच मांत्रिक करायचं! जुना सगळं येणारा मांत्रिक बाद. तसं बघितलं तर एक ना धड, भाराभर चिंध्या. त्याच्या जागी एकाच विद्येत मुरलेले तीन. गसला आगीचा मांत्रिक, कारण त्याला दुसरं काही शोभलंच नसतं. मार्लिसला भासाचा, जो नसलेलं दाखवतो आणि असलेलं लपवतो. एल्रॉयला रक्षणाचा, भिंती आणि कवचं उभी करणारा. पहिल्या दोघांना सोळा मंत्र, एल्रॉयला आठ, आणि ते आठ जरा जास्त जोराचे.

जमवायचं म्हणजे नुसतं वजन सारखं करायचं नव्हतं, हे मसालेवालीला कुणी शिकवायला नको. मिरी आणि जायपत्री सारख्या मापाने घातली तर सॉसेज कुत्रंही खाणार नाही. आगीचा मंत्र एका फटक्यात राक्षसाचे वीस प्राण घेतो. भास एकही घेत नाही, पण राक्षसाला दरीत चालत जायला लावतो. त्याची किंमत कशी मांडायची? व्हर्नाने मांस भाजायचा खोल तवा टेबलावर ठेवला आणि त्यात फासे टाकत एकटीच लढाया लढली. तिन्ही बाजूंनी तीच, राक्षसही तीच. प्रत्येक मांत्रिकाच्या शंभर लढाया. आग त्रेसष्टदा जिंकली, भास चाळीसदा. मग आगीला थकवा लावला, की मोठा मंत्र टाकायच्या आधी दोन पाळ्या गप्प बसायचं. पुन्हा शंभर लढाया. दोन आठवड्यांनी तिघांचे आकडे पन्नासच्या आगेमागे आले तेव्हा तिने स्वतःलाच शाबासकी दिली आणि बिअरची बाटली उघडली.

एल्रॉयला बोलावून आणायला तिला बरीच गळ घालावी लागली. "एकदाच ये. नवीन नियम आहेत, तुझ्याशिवाय चुका कोण काढणार?" तो आला. आठ मंत्रांचं एकच कार्ड समोर ठेवून बसला, आणि खरंच, बोट भराभर मंत्रावर जायला लागलं. व्हर्नाला वाटलं, जिंकलो.

आणि तिथेच तिने माती खाल्ली. खेळ चालवणारी आपले फासे पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकते, तशी पद्धतच आहे. राक्षसाने एल्रॉयच्या मांत्रिकावर घाव घातला, वीस बाजूंचा फासा पडला सतरा, म्हणजे घाव वर्मी. व्हर्नाने भावाच्या लुळ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "चुकला." पुढचा घावही चुकला. तिसराही. पाचवा चुकला तेव्हा एल्रॉयने डावा हात लांब करून तो पुठ्ठा आडवा पाडला. मागे फासा एकोणीसवर शांत बसला होता.

गसने छताकडे पाहिलं.

"भीक," एल्रॉय म्हणाला. आठ मंत्रांच्या कार्डावर बोट ठेवून तो पुन्हा म्हणाला, "ही... पण." आणि निघून गेला.

व्हर्नाला रडू आलं ते स्वतःच्या मूर्खपणाचं. दया करणाऱ्याला बरं वाटतं, म्हणून तो करत सुटतो. घेणाऱ्याला कसं वाटतं हे विचारायला थांबत नाही. तिने तर दोनदा केली होती. एकदा पुठ्ठ्यामागे, आणि त्याआधी दोन आठवडे पेन्सिल घेऊन, त्याला न विचारता त्याचे मंत्र इतरांच्या निम्म्यावर आणून.

गुरुवारी ती पत्त्यांचा जोड आणि गसला घेऊन एल्रॉयच्या घरी गेली. शेबॉयगनमध्ये कुणाचं कुणाशी बिनसलं की माफी मागायची नसते, शीप्सहेड खेळायचा असतो. जर्मन आजोबांनी बोटीतून आणलेला हा पत्त्यांचा खेळ तिथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतो. एल्रॉयने दार उघडलं, पत्ते पाहिले आणि आत वळला. म्हणजे या.

तिघांना दहा-दहा पाने, आणि दोन पाने मधे पालथी. ज्याला आपल्या हाताचा भरवसा असेल त्याने ती दोन उचलायची आणि बाकी दोघांशी एकट्याने लढायचं. पण दोन उचलली की आपल्या हातातली दोन खाली पालथी ठेवावी लागतात. पुरणं म्हणतात त्याला. एल्रॉयने पाने मांडीवरच्या लाकडी खाचेत उभी लावली होती, पुतण्याने करून दिली होती ती. त्याने मधली दोन उचलली. मग बराच वेळ बघत बसला. गस खिडकीबाहेर तळ्याकडे बघत मुकाट बसून राहिला.

"काय पुरू काय पुरू, असं झालंय ना?" व्हर्ना सहज म्हणाली.

एल्रॉयने बदामचा एक्का आणि दश्शी पुरली. एवढ्या किमतीची पाने! व्हर्नाच्या भुवया वर गेल्या.

"अगं... मोजताना," त्याने पुरलेल्या पानांवर बोट आपटलं, "माझीच."

बरोबरच होतं ते. पुरलेली पाने खेळता येत नाहीत, पण डावाच्या शेवटी त्यांचे गुण पुरणाऱ्यालाच मिळतात. हे तिला वयाच्या सहाव्या वर्षापासून माहीत होतं. तरी ती पाने हातात धरून भावाकडे बघतच राहिली.

"व्हर्ने, टाक ना!" गस म्हणाला.

"थांब रे." तिने पाने खाली ठेवली. "एल्रॉय, तुला मी सोळा मंत्र दिले, आणि सांगितलं की यातले हवे तेवढे तूच पूर. पुरलेले त्या दिवशी वापरता येणार नाहीत. पण त्यांचं बळ वाया जाणार नाही, उरलेल्या मंत्रांत जाईल. तर?"

एल्रॉयने डोळे बारीक केले. कित्येक महिन्यांनी तिला तो भाव दिसला, नियमात भोक शोधणाऱ्याचा.

"सगळ्यांना?" त्याने विचारलं.

"सगळ्यांना. गसला, मार्लिसला, सगळ्यांना. रोज नव्याने पुरायचं."

"किती... पुरले की... किती?"

"तेच तर ठरवायचंय," व्हर्ना म्हणाली. "आणि एकटीने लढाया लढून ते ठरत नाही, एवढं कळलंय मला आता. समोर दुसरा माणूस लागतो, नडणारा."

तो डाव एल्रॉयने एकाहत्तर गुण करून मारला, आणि दोघं निघताना दारापर्यंत आला.

त्यानंतर एप्रिलभर दर दुपारी व्हर्ना तवा आणि फासे घेऊन त्याच्याकडे जायची. तो रक्षणाचा मांत्रिक, ती आगीचा, मग उलट. दर दोन मंत्र पुरले की उरलेल्यांचं बळ एकाने वाढवलं, तर सगळे पुरून एकच मंत्र ठेवणारा अजिंक्य व्हायला लागला. दर चार पुरल्यावर वाढवलं, तर पुरणारा मूर्ख ठरायला लागला. तीनवर जमलं. एक मंत्र ठेवणाऱ्याला एल्रॉयने स्वतःच आळा घातला. कागदावर डाव्या हाताने वेडंवाकडं '४' लिहिलं आणि खाली रेघ मारली, म्हणजे चारच्या खाली जायचं नाही. शब्द अडकला तर व्हर्ना सुचवत नसे. बटाटे सोलत बसे, नाहीतर फासे पुसत. यायचा तो शब्द आपल्या पायांनी येई.

मे महिन्यातल्या एका रविवारी चौघं पुन्हा टेबलाशी बसले. पुठ्ठ्याचा आडोसा नव्हता. फासे सगळ्यांचे तव्यात, सगळ्यांसमोर. मंत्रांची कार्डं वाटली. गसने एकही पुरलं नाही. "मला सगळे लागतात," तो म्हणाला. मार्लिसने विचार करून सहा पुरले. एल्रॉयने एकेक कार्ड पालथं करत बारा पुरले, आणि समोर चार ठेवले. कुणी त्याला मदत केली नाही, आणि कुणी त्याच्याकडे कौतुकाने बघितलंही नाही, कारण जो तो आपापल्या कार्डांत बुडाला होता.

खाणीच्या तळाशी राक्षसांची टोळी होती. व्हर्नाने ती खऱ्या मनाने सोडली. पहिल्याच झटक्यात एल्रॉयच्या मांत्रिकाचे अर्धे प्राण गेले. तिने एक शब्द मवाळ केला नाही. फासा तव्यात उघडा पडला होता, सगळ्यांनी पाहिला, एल्रॉयने नुसती मान हलवली आणि पेन्सिलीने आकडा खोडला. तिकडे गसचा आगीचा मांत्रिक मोठ्या मंत्रासाठी दोन पाळ्या गप्प बसला होता. खरा गसही जवळजवळ तेवढाच गप्प होता, ते त्याला फार जड जात होतं. राक्षस मार्लिसवर धावले. एल्रॉयची पाळी आली. त्याचं बोट थेट कार्डावर गेलं.

"भिंत."

डाव्या हाताने फासा टाकला. सोळा. दगडी भिंत उभी राहिली, मार्लिस वाचली.

"आता मी!" गस उठून उभाच राहिला. "आगीचा लोळ! सगळ्या टोळीवर!"

"मधे भिंत आहे," व्हर्ना म्हणाली. "लोळ भिंतीवर आदळला. विझला."

"काय?"

"भिंत दोन्हीकडून अडवते. चार पाळ्या उभी राहणार."

गसच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "दोन पाळ्या तोंड शिवून बसलो मी! हा काय न्याय झाला? चार कार्डं घेऊन बसलाय आणि सगळा खेळ अडवून धरलाय!"

"भिंत..." एल्रॉय म्हणाला, "मी... आधी..."

"तू आधी टाकलीस, माहीत आहे मला! पण विचारायचं तरी—"

गस थबकला. मार्लिसचा घास हातातच राहिला. एल्रॉय आजारी पडल्यापासून त्याचं बोलणं कुणी मधे तोडलं नव्हतं. शेजारीपाजारी, डॉक्टर, पास्टर, सगळे तो संपवेपर्यंत वाट बघत. गसचा चेहरा पांढरा पडला. त्याने व्हर्नाकडे पाहिलं, पण व्हर्ना भावाकडे बघत होती.

एल्रॉयची मान लाल झाली, मग कान. त्याने डावी मूठ टेबलावर अशी हाणली की फासे तव्यात उडाले.

"गाढवा, मला बोलू दे!"

चार शब्द, सलग, एकही न अडखळता. असं होतं म्हणतात. रागाचे आणि शिव्यांचे शब्द तोंडात तयारच असतात, त्यांना शोधावं लागत नाही. फक्त कुणीतरी राग यायला लावावा लागतो, आणि आठ महिन्यांत तेवढी मेहेरबानी कुणी केली नव्हती.

"बोल की मग!" गसचा आवाज परत आला, आणि कसा! "कोण अडवतंय? पण बोलशील ते चूकच असणार!"

मग जे जुंपलं ते पाऊण तास. एल्रॉय दोन शब्द बोलायचा, गस तिसरा हिसकावून घ्यायचा, एल्रॉय नियमांच्या वहीने त्याच्या दंडावर मारायचा आणि चौथा शब्द त्याच्या तोंडावर फेकायचा. "सोळा... चिंध्या!" असं तो गसच्या कार्डांना म्हणाला, तेव्हा मार्लिस इतकी हसली की तिला ठसका लागला. पण बाजू तिने गसचीच घेतली. "चार पाळ्या फार होतात, एल्रॉय. खरं सांगते."

सगळे व्हर्नाकडे वळले. तिने वही ओढली, मागच्या लढायांचे आकडे पाहिले, मनातल्या मनात गुणाकार केला.

"गसचं बरोबर आहे," ती म्हणाली. "भिंत जास्त झालीय. आजपासून तीन पाळ्या."

"सख्खी... बहीण!" एल्रॉय कडाडला.

"रविवारी नाही," व्हर्ना म्हणाली आणि चारचा आकडा खोडून तीन केला. भावाविरुद्ध निकाल देताना इतका आनंद होतो हे तिला माहीत नव्हतं.

गस विजयी वीरासारखा पावाला हात घालत होता. एल्रॉयने त्याच्या पुढ्यातून ताटलीच सरकवली आणि व्हर्नाच्या वहीवर बोट ठेवलं.

"तीन तर... तीन. पण याची आग..." शब्द अडला. गसने तोंड उघडलं. एल्रॉयने त्याच्यावर डोळे वटारले, आणि शब्द आणला. "आग... दूर जाते. फार. मोज."

"काही फार जात नाही!" गस ओरडला. "उगाच माझ्या आगीला हात लावायचा नाही!"

व्हर्नाने आगीचं पान काढलं, अंतर मोजलं आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं, कारण एल्रॉयचंही बरोबर होतं.